पुन्हा रिकिबीत पाय



हीरक महोत्सवाच्या व्याख्यानासाठी घोड्यावरून पडण्याचा आणि पुन्हा घोड्यावर बसण्याचा विषय निवडला गेला, याचे काहींना नवल वाटेल. दिल्लीतील मराठी समाज ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ते वाटू नये. सेनादलातील आणि केंद्र सरकारच्या सेवेतील कुटुंबे पुण्या-नागपुराहून, साताऱ्या-कोल्हापुराहून येथे येतात. त्यांची मुले छावणीतील मैदानांवर, सफदरजंग मार्गावरील राइडिंग क्लबात किंवा गुरुग्राम-नोएडाच्या बाजूला अलीकडे उभ्या राहिलेल्या तबेल्यांत घोडेस्वारी शिकतात. जो घोड्यावर बसायला शिकतो, तो कधी ना कधी पडतोच. पडणाऱ्यांपैकी एखाद्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, हाडावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले जातात. वर्ष-दीड वर्षाने दुसरी शस्त्रक्रिया होऊन तो धातू काढला जातो. जखम भरते, टाके निघतात आणि मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. पुन्हा घोड्यावर बसायचे का? आणि बसायचे तर केव्हा?

पहिल्या प्रश्नावर घरोघरी पुष्कळ वाद होतो. दुसऱ्या प्रश्नाचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही, आणि खरा धोका त्या दुसऱ्या प्रश्नातच असतो. म्हणून आजच्या विवेचनाचा भर त्यावर राहील.

मराठी भाषेत घोडा फार खोलवर मुरलेला आहे. शिलेदार, बारगीर, पागा, मोतद्दार, खोगीर, रिकीब हे शब्द इतिहासाच्या पुस्तकांतून आजही भेटतात. घोडे पेंड खाते, वरातीमागून घोडे निघते, खोगीरभरती होते, घोडामैदान जवळ असते. या सगळ्यांत एक शब्द फार मोलाचा आहे, तो म्हणजे ‘मांड’. घोड्याच्या पाठीवर स्वाराने मांड्यांच्या आणि कंबरेच्या आधाराने साधलेली स्थिर बैठक म्हणजे मांड. लगाम ओढून घोडा थांबवता येतो, टाच मारून पळवता येतो. परंतु त्याच्या पाठीवर टिकून राहायचे तर मांडच हवी. ती विकत मिळत नाही, उसनीही मिळत नाही. पायाचे हाड मोडले की सर्वप्रथम जाते ती ही मांड, आणि सर्वांत शेवटी परत येते तीही हीच.

पडून पुन्हा स्वार झालेल्या माणसाचा शोध मराठी माणसाने दिल्लीत घ्यायचा, तर पहिले नाव महादजी शिंदे यांचे घ्यावे लागते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. आज ते पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. रणांगणातून निघालेल्या महादजींचा एका अफगाण स्वाराने पाठलाग केला, त्यांना गाठले आणि त्यांच्या पायावर घाव घातला. राणेखान नावाच्या एका पखालजीने त्यांना आपल्या बैलावर घालून दूर नेले, म्हणून ते वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला. त्या काळी ना भूल होती, ना क्ष-किरण. जखम जशी भरेल तशी भरायची. तरीही दहा वर्षांनी, १७७१ मध्ये मराठ्यांच्या फौजा दिल्लीत आल्या आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाह आलम राजधानीत परतला, तेव्हा त्या साऱ्या घडामोडींच्या केंद्रस्थानी हाच अधू पायाचा सरदार होता. राणेखानाला त्यांनी आयुष्यभर भावाचा मान दिला.

या हकिकतीतील पराक्रम आपल्याला ठाऊक असतो. तिच्यातील दहा वर्षे आपण विसरतो, आणि तो पखालजीही विसरतो. घोड्यावर परतण्यापूर्वी कोणाच्या तरी बैलावर पडून राहावे लागते. ज्याला ते मान्य नसते, त्याचे परतणे बहुधा फसते.

आता मोडलेल्या हाडाकडे वळू. हाडांच्या दुखापतींचा पद्धतशीर विचार भारतात प्राचीन काळीच झाला होता. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार वर्णिलेले आहेत, आणि दुखापतीच्या कारणांत पडणे हे ठळकपणे सांगितले आहे. झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधून हाड स्थिर ठेवण्याची रीतही तेथे आहे. तत्त्व साधे होते. मोडलेली टोके समोरासमोर आणायची, ती हलू द्यायची नाहीत आणि बाकीचे काम शरीरावर सोपवायचे. आजही तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की कामट्या आता त्वचेच्या आत गेल्या आहेत.

हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १८८६ मध्ये हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान या शल्यविशारदाने हाडावर धातूची पट्टी स्क्रूंनी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील एक बारकावा लक्षणीय आहे. स्क्रूंचे दांडे आणि पट्टीचे एक टोक त्याने त्वचेबाहेर ठेवले होते, म्हणजे काही आठवड्यांनी सारे सहज काढता यावे. धातू हा पाहुणा आहे, त्याच्या जाण्याची सोय तो येतानाच करावी, हा विचार पहिल्याच पट्टीत होता. पुढे १९४० च्या सुमारास जर्मनीत गेऱ्हार्ड क्युंट्शर याने मांडीच्या हाडाच्या पोकळीतच सळई घालण्याची पद्धत रूढ केली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांनी एकत्र येऊन पट्ट्या, स्क्रू आणि ते बसवण्याची हत्यारे यांचे शास्त्र आखून दिले. आपण बोलीभाषेत ‘पायात रॉड टाकला’, ‘प्लेट बसवली’ असे म्हणतो, त्यामागे हा सारा इतिहास आहे.

हा धातू नेमके काय करतो? तो हाड जोडत नाही. हाड स्वतःच जुळते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, मग मऊ ऊती तयार होते, तिचे कच्चे हाड बनते आणि पुढे महिनोन्महिने ते कच्चे हाड घडवून पक्के केले जाते. या काळात टोके हलू नयेत एवढीच पट्टीची कामगिरी. म्हणजे पट्टी हा पहारेकरी आहे, गवंडी नव्हे.

परंतु पहारेकरी फार काळ राहिला तर घरातली माणसे दाराला कडी लावायला विसरतात. ज्यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. भार वाढला की ते मजबूत होते, भार कमी झाला की विरळ होते. पट्टी भाराचा काही वाटा स्वतःवर घेते, आणि म्हणून तिच्याखालचे हाड काही प्रमाणात आळसावते. जो आधार प्रारंभी जीवनदायी असतो, तोच पुढे दुबळेपणाचे कारण होऊ शकतो.

येथे पालकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. धातू प्रत्येकाच्या शरीरातून काढावाच लागतो असे नाही. मोठ्या माणसांत तो त्रास देत नसेल तर पुष्कळदा जन्मभर तसाच ठेवतात. तो काढण्याची कारणे ठरलेली आहेत. पट्टी त्वचेखाली टोचते, जंतुसंसर्ग होतो, स्क्रू सैल होतो किंवा रुग्ण वाढत्या वयाचा असतो. स्वाराच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक कारण असते. नडगीच्या आतल्या बाजूला किंवा घोट्याजवळ बसवलेली पट्टी खोगिराच्या पाखेला, रिकिबीच्या पट्ट्याला किंवा उंच बुटाच्या कडेला सतत घासते. चालताना जी जाणवत नाही, ती घोड्यावर अर्ध्या तासात असह्य होते. लहान मुलांत बाहेरून घातलेल्या बारीक तारा काही आठवड्यांतच काढतात, लवचीक सळया सहा महिने ते वर्षभराने, आणि मोठ्यांच्या पायातील पट्ट्या सामान्यतः वर्ष-दीड वर्षानंतर, मांडीच्या हाडातील त्याहूनही उशिरा. हाड पूर्ण जुळल्याचे क्ष-किरण चित्रात दिसल्याखेरीज कोणताही जबाबदार डॉक्टर पट्टीला हात लावत नाही.

काढण्याची ही शस्त्रक्रिया किरकोळ मानली जाते. रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. तरीही तिला क्षुल्लक मानू नये. जुन्याच व्रणावर पुन्हा छेद घ्यावा लागतो. टायटेनियमला हाड घट्ट बिलगते, त्यामुळे स्क्रू निघता निघत नाहीत. कधी स्क्रूच्या डोक्याची खाच झिजते, कधी स्क्रू तुटून त्याचा तुकडा आतच राहतो. जवळून जाणाऱ्या नसेला इजा होण्याचीही शक्यता असते. म्हणून ‘नुसती प्लेट काढायची आहे’ या वाक्यातला ‘नुसती’ हा शब्द घराघरांतून हद्दपार व्हायला हवा.

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. धातू निघाला, जखम भरली. दहा-चौदा दिवसांनी टाके काढले. रुग्णालयाने दिलेली पट्टी आणि स्क्रू एका छोट्या बाटलीत घरी आले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते उत्सुकतेने पाहिले. टोचणे थांबले. पाय हलका वाटू लागला. तीन आठवड्यांनी मुलगी जिना चढते, पाचव्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर मेट्रोत उभ्याने प्रवास करते. तिला वाटते की सगळे संपले. आई-वडिलांनाही तसेच वाटते. आणि नेमका हाच काळ सर्वांत जपण्याचा असतो.

याचे कारण यंत्रशास्त्राचे आहे. जेथून स्क्रू निघाले, तेथे हाडात भोके राहतात. कागदाला भोक पाडून तो ओढला तर तो भोकापाशीच फाटतो. पोस्टाच्या तिकिटांचा ताव ज्यांनी फाडला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हाडावर पीळ पडला किंवा आघात झाला, तर सारा ताण त्या भोकांच्या कडांशी एकवटतो. काल जो भार पट्टी आणि हाड मिळून उचलत होते, तो आज हाड एकटेच उचलते, आणि तेही भोके पडलेले. शरीर ही भोके हळूहळू नव्या हाडाने भरून काढते. त्याला सामान्यतः दोन ते चार महिने लागतात. वय, आहार, मधुमेह, धूम्रपान, हाडाची जागा यांनुसार कमी-अधिक. वेदना मात्र दोन-तीन आठवड्यांत थांबलेली असते. वेदना थांबणे आणि हाड भरणे या दोन तारखांच्या मधल्या पोकळीत पुन्हा हाड मोडण्याचे अपघात घडतात. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती निघून गेल्यावर राखण बुद्धीलाच करावी लागते.

घोडेस्वारीत ही राखण विशेष कडक हवी. चालताना, सायकल चालवताना, पोहताना भार कसा आणि किती पडणार हे स्वतःच्या हातात असते. घोड्यावर ते अर्धेच आपल्या हातात असते. घोड्याची पाठ सुमारे दीड मीटर उंचीवर, स्वाराचे डोके अडीच मीटरच्या आसपास, आणि खाली सुमारे पाचशे किलो वजनाचा, फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीलाही दचकणारा प्राणी. संथ चालीने चाललेल्या घोड्यावरूनही माणूस पडू शकतो. म्हणून ‘फक्त हळूच चालवीन’ ही सबब पहिल्या आठवड्यांत मान्य करता येत नाही. प्रश्न वेगाचा नसून पडण्याच्या शक्यतेचा आहे.

मग परतण्याची रीत कोणती? तारीख डॉक्टरांनी द्यावी, हे पहिले. ती त्यांनी क्ष-किरण चित्र पाहून द्यावी, आणि आपण घोड्यावर बसणार आहोत हे त्यांना स्पष्ट सांगावे. ‘खेळू का?’ असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. त्यानंतरची पायरी जमिनीवरची आहे. लंगडे न होता वेगाने चालता येते का, दुखऱ्या पायावर एकट्याने तोल सांभाळून उभे राहता येते का, पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा खाली सोडता येतात का? ही शेवटची चाचणी स्वाराला फार आवश्यक, कारण रिकिबीत पाय ठेवल्यावर टाच खाली आणि घोटा लवचीक ठेवावा लागतो. ताठरलेला घोटा घोड्याच्या पावलांचे हिसके पचवत नाही, ते वर गुडघ्यात आणि कंबरेत पाठवतो. पोटरी, मांडी आणि पाठ यांचे बळ फिजिओथेरपीने परत मिळवल्याखेरीज मांड परत मिळत नाही.

घोड्यावर चढणे हाच अनेकांच्या ध्यानात न येणारा धोका असतो. परंपरेने स्वार डाव्या बाजूने चढतो. डावा पाय रिकिबीत घालून सगळे शरीर त्या एका पायावर उचलतो आणि उचलतानाच वळतो. म्हणजे भार आणि पीळ दोन्ही एकाच वेळी एकाच नडगीवर पडतात. भोके पडलेल्या हाडाला नको असतात त्या नेमक्या याच दोन गोष्टी. यावर उपाय अगदी साधा आहे. चढण्यासाठी लाकडी पायऱ्यांचा ठोकळा वापरावा. नवशिक्यांची वस्तू म्हणून कित्येक तरुण स्वार त्याची लाज बाळगतात. वस्तुतः त्याने घोड्याच्या पाठीवरचा ताणही कमी होतो, म्हणून जाणते स्वार तो नेहमीच वापरतात. उतरतानाही धाडकन उडी न मारता सावकाश घसरत, दोन्ही पायांवर उतरावे.

पहिला घोडा वयस्क, समंजस आणि ओळखीचा असावा. स्वतःचा लाडका घोडा सहा महिने कामाविना उभा असेल, तर तो पहिल्या दिवशी योग्य नव्हे. त्याच्या अंगातही साठलेली ऊर्जा असते. पहिले काही दिवस घोडा शिक्षकाच्या हातातील लांब दोरावर गोल फिरावा आणि स्वाराने केवळ बसण्याकडे लक्ष द्यावे. नुसती चाल, तीही वीस मिनिटे. मग दुडकी, जिला आज सगळे ट्रॉट म्हणतात. तिच्यात रिकिबीवर पुन्हा पुन्हा उठावे-बसावे लागते, म्हणून घोट्याची आणि नडगीची खरी परीक्षा तेथेच होते. दुसऱ्या दिवशी सूज किंवा ठणका आला तर एक पायरी मागे यावे. मग कँटर, आणि अडथळ्यांवरून उड्या सर्वांत शेवटी. शिरस्त्राण आणि संरक्षक जाकीट पहिल्या दिवसापासून हवेच, यावर चर्चाही नको.

दिल्लीत या सगळ्याला ऋतूंचे गणितही लागू होते. मे-जूनच्या उन्हात पहाटेचे दोन तास सोडले तर घोड्याला बाहेर काढणेच क्रूरपणाचे. पावसाळ्यात मैदान निसरडे. नोव्हेंबरात हवा इतकी विषारी होते की शाळांची मैदानेच ओस पडतात, आणि डिसेंबर-जानेवारीत धुके. मग वसंत येतो, दिल्ली हॉर्स शोचे दिवस जवळ येतात आणि तरुण स्वाराच्या मनात एकच तारीख घर करते. अशा तारखेकडे पाहून शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे कापू नयेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत धातू काढला, पावसाळा व्यायामात घालवला आणि ऑक्टोबरात, मैदान कोरडे असताना, चालीने आरंभ केला, तर ऋतू आणि हाड यांचे बऱ्यापैकी जमते. एखादा शो चुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

हाड भरल्यानंतरही एक गोष्ट उरते, ती भीती. ती लपवता येते असे स्वाराला वाटते. माणसांपासून येत असेल, घोड्यापासून येत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. घोडे चालवणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना सांगण्यात आले, की या फेरीत घोड्याजवळ अचानक छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. न उघडलेल्या छत्रीची भीती माणसाच्या शरीरातून घोड्यात उतरली. म्हणून भीती नाकारण्यापेक्षा ती शिक्षकाला सांगावी. ज्या कोपऱ्यात पडलो त्या कोपऱ्यातून प्रथम पायी, घोड्याचा लगाम हातात धरून चालत जावे. भीती एका दिवसात जात नाही, परंतु सवयीपुढे ती हळूहळू नमते.

परतण्याच्या कथा जगात पुष्कळ आहेत, पण त्या वाचताना विवेक हवा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा बिल रॉयक्रॉफ्ट पडला, त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तरी दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून उठून तो घोड्यावर बसला आणि संघाला सुवर्णपदक मिळाले. ही कथा वाचून छाती फुगते. पण तिचे अनुकरण कोणी करू नये. मैदानावर एक सांघिक पदक होते आणि स्वार पंचेचाळीस वर्षांचा, स्वतःच्या निर्णयाला स्वतः जबाबदार असलेला होता. शाळकरी मुलीपुढे ठेवायचा आदर्श दुसराच आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल हिला १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली तिचे पाय निकामी झाले. तिने घाई केली नाही. कित्येक वर्षे घोड्यावर बसणे नव्याने शिकत तिने पायांचे काम कंबरेकडून आणि पाठीकडून करून घेतले, म्हणजे आपल्या भाषेत केवळ मांडीवर स्वारी साधली. १९५२ मध्ये ऑलिंपिकची ड्रेसाज स्पर्धा स्त्रियांना प्रथमच खुली झाली, त्याच वर्षी हेलसिंकीत पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक मिळवले, आणि चार वर्षांनी पुन्हा एकदा. तिच्या घोडीचे नाव ‘ज्युबिली’ होते, हे आजच्या दिवशी सांगायला हरकत नाही. अलीकडच्या काळात ब्रिटनच्या लॉरा कॉलेट हिला २०१३ मध्ये पडल्यानंतर काही दिवस कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले, तिच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघात ती होती. या दोघींच्या कथांत पडणे क्षणाचे आहे आणि परतणे वर्षांचे.

घोड्यांनाही हाच नियम लागू आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने ज्या सेन्योर मेडिकॉट या घोड्यावर रौप्यपदक जिंकले, तो घोडा पुढे दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता. त्याला पुरता वेळ दिला गेला. मिर्झाने ऑलिंपिकची पात्रता इतर घोड्यांवर मिळवली, आणि टोकियोत तोच मेडिकॉट त्याच्याखाली होता. घोड्याला विश्रांती देताना कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. माणसाला, विशेषतः स्वतःच्या मुलाला, तेवढी सवलत द्यायला काय हरकत आहे?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, म्हणजे पुन्हा बसायचे का. येथे आपल्या समाजाचा एक दोष स्पष्ट बोलला पाहिजे. मुलगा पडला, पायावर व्रण राहिला, तर तो कौतुकाने दाखवला जातो. मुलगी पडली की त्याच व्रणाची लांबी मोजली जाते, पुढच्या स्थळांची चिंता सुरू होते आणि ‘पुरे झाले आता’ असा निर्णय तिच्या अनुपस्थितीत होतो. ज्या खेळात स्त्री-पुरुष ऑलिंपिकमध्ये एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात, त्या खेळातून मुलीला केवळ मुलगी म्हणून मागे बोलावणे न्यायाचे नाही. १९८२ मध्ये याच दिल्लीत आशियाई स्पर्धांत भारताने अश्वारोहणाची तीन सुवर्णपदके जिंकली, त्यानंतर पुढचे सुवर्ण यायला ४१ वर्षे लागली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगचौ येथे ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्याबरोबर सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. त्यांच्या घरी कोणी व्रण मोजत बसले असते, तर ते पदक भारतात आले नसते.

याचा अर्थ प्रत्येकाने परतलेच पाहिजे असा नव्हे. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेली मोड, मणक्याची दुखापत, डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेला मार अशा प्रसंगी डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर तो शब्द अखेरचा मानावा. काहींना घोडा आवडतो, पण पाठीवर बसण्याची इच्छा उरत नाही. तेही मान्य करावे. तबेल्यात घोड्याची निगा, प्रशिक्षण, पशुवैद्यक, स्पर्धांचे पंच म्हणून काम अशा अनेक वाटांनी त्या प्राण्याशी नाते राखता येते. न परतण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला असेल तर त्यात पराभव नाही. पराभव दोनच ठिकाणी असतो, लोकांच्या धाकाने सोडण्यात आणि लोकांना दाखवण्यासाठी घाई करण्यात.

शाळेच्या हीरक महोत्सवात या विषयाला स्थान मिळाले, यात एक औचित्य आहे. दिल्लीसारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा ही मुलाच्या भोवतीची एक पट्टीच असते. घरची भाषा, ओळखीची माणसे, गणेशोत्सव, शिक्षकांची हाक यांच्या आधाराने मूल उभे राहते. दहावी-बारावीनंतर तो आधार एका दिवसात निघतो. निरोपसमारंभाच्या दिवशी हलके वाटते, आणि त्यानंतरचे पहिले काही महिने, परक्या भाषेच्या महाविद्यालयात, तेच सर्वांत नाजूक असतात. आधार कायम ठेवला तर हाड आळसावते. वेळेआधी काढला तर मोडते. योग्य वेळी काढला तरी त्यानंतर काही काळ जपावे लागते. मुलांना सोडून देण्यापूर्वी शाळेने त्यांच्यावर थोडा थोडा भार टाकावा आणि सोडल्यानंतर पालकांनी त्यांच्या अडखळण्याला नापास ठरवू नये, एवढा बोध या हाडांच्या शास्त्रातून घेता येतो.

राहिला तो स्वार. जो कोणी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आज पायावर ताजा व्रण घेऊन या सभागृहात बसली असेल, तिच्यासाठी एवढेच, की डॉक्टरांनी दिलेली तारीख येईपर्यंत तबेल्यात रोज जावे, घोड्याला खरारा करावा, त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहावे. घोडा वाट पाहतो. हाड भरत असते. ती तारीख आली की ठोकळ्यावर चढावे, लाज न बाळगता, आणि रिकिबीत पाय ठेवावा.